मुकी पुन्हा अडकलीय, दत्ता

दत्ता, मुकी परत आलीय.

काल सकाळी खानसाब तिला कॅनव्हासच्या पिशवीत घालून घेऊन आले आणि नेहमीसारखं टेबलावर ठेवत म्हणाले, "यार, ये फिर बंद हो गई." बोलताना त्यांचं तोंड तुझ्या स्टुलाकडे होतं. सवय, दुसरं काय. मग त्यांच्या लक्षात आलं आणि डोक्यावरची टोपी काढून ते नुसतेच उभे राहिले. एवढा सहा फुटी पठाण, अख्खा तबेला एका हाकेवर चालवणारा, आणि एका रिकाम्या स्टुलापुढं त्याला शब्द सुचेना. मी म्हटलं, बसा खानसाब. ते काही त्यावर बसले नाहीत. मीही बसत नाही. त्या स्टुलाचं काय करायचं ते तरी सांगून जायचं होतंस, लेका.

मी दमलोय. रडून नाही, रडायला सवडच मिळाली नाही. क्लबातल्या बंदुका दुरुस्त करायचं दोघांचं काम एकटा ओढतोय. तुला विमानात चढवलं त्या दिवशी मी कार्गोच्या गेटपर्यंत आलो, त्यापुढं सोडत नाहीत. सुनंदावहिनी आणि तुझी लेक रेवती तुझ्याबरोबर गेल्या. मी मुदीरकडे रजा मागितली होती. तो म्हणाला, "माने, क्लब में अब एक ही आर्मरर बचा है. दूसरा आने दो, इन्शाल्ला." मॅनेजर म्हणून वाईट नाही माणूस, त्याचाही चेहरा उतरला होता. पण रजा नाही म्हणजे नाही. तुझ्या गावात तुला कुणी खांदा दिला, ते मला फोनवर कळलं. तोही मध्येच कट झाला, कार्ड संपलं.

म्हणून हे लिहायला बसलोय. मुकीपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या दोघांचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

मुकी हे नाव तुझंच. आपल्या शूटिंग रेंजला लागून अरबाबाचा, म्हणजे शेठचा, तबेला, शर्यतीच्या घोड्यांचा. आवाज झाला की ते बिथरायचे. एकानं बिथरून पाय मोडून घेतला, तेव्हापासून त्या बाजूला मोठी बंदूक उडवायला बंदी आली. पण दाण्याच्या कोठारात पारवे आणि उंदीर इतके माजले होते, की शेवटी लायसन काढून क्लबनं ही रायफल मागवली. पॉइंट टू टू, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे खटका दाबला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप आत सरकतं. नळीच्या तोंडाला काळा सायलेन्सर. तू पहिल्यांदा उडवलीस तेव्हा नुसतं 'टक' झालं, आत कुणीतरी सुपारी फोडावी तसं. खानसाब हसले. तू म्हणालास, "माने, ही बाई मुकी आहे रे." झालं बारसं.

आणि ही मुकी पहिल्याच उन्हाळ्यात अडकायला लागली. कधी पुंगळी बाहेर पडता पडता झडपेत उभी राहायची, कधी पुढचं काडतूस तिरकं होऊन तोंडाशी रुतायचं. खानसाब पिशवी घेऊन दारात हजर, आणि आपलं दोघांचं भांडण तयार. मी म्हणायचो तेल. तू म्हणायचास मॅगझिन.

तेलावरून तुला किती बोललोय मी! पण सांग, चुकीचं होतं का? तू मालवणकडचा. तुझ्या लेखी जगात एकच शत्रू, गंज. खाऱ्या वाऱ्यात वाढलास, फौजेतही आपल्या दोघांची उमर पावसाच्या मुलखात गेली. तिथं उस्तादांनी शिकवलं, लोखंड ओलं ठेवाल तर टिकेल. ते तू इथं वाळवंटात पाळत राहिलास. शारजात दारूबंदी, पण तुझ्या टेबलावर तेलाला पूर. मी सांगोल्याचा. आमच्याकडे प्यायला पाणी नाही, तिथं गंज कुठून येणार! मी कंठशोष करून सांगायचो, की बाबा रे, इथं गंज नाही, इथं धूळ आहे. पिठासारखी वाळू. तेल लावलंस की ती चिकटून बसते. त्यात हा सायलेन्सर. तो आवाज कोंडतो तसा धूरही कोंडतो, आणि तो धूर काजळी घेऊन उलटा मागं बोल्टाकडे, काडतूस आत ढकलणाऱ्या त्या सरकत्या लोखंडाकडे, येतो. तेल, वाळू, काजळी, सगळ्याची मिळून काळी चटणी होते. त्यात बोल्ट मागं-पुढं सरकणार कसा? आणि त्यात हलकी काडतुसं, आवाज कमी करणारी, त्यांच्या अंगात बोल्ट ढकलायचं बळच बेताचं.

तू शांतपणे ऐकल्यासारखं करायचास. मग म्हणायचास, "शिरा पडो तुझ्या तोंडार, माझ्या तेलाक नाव ठेवू नको," आणि माझ्यादेखत दोन थेंब जास्तीचे.

गंमत अशी, की तू मॅगझिन उघडून साफ केलंस तरी ती चालायची आणि मी तेल पुसून काढलं तरी चालायची. दोन्ही वेळा तिची आंघोळ व्हायची, एवढंच. पण दोघांनाही वाटायचं आपणच जिंकलो.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधी दुमत झालं नाही. उस्तादांचा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मॅगझिन काढायचं, झडप उघडून आत बोट घालून बघायचं की खरंच रिकामी आहे. मग मॅगझिन बघायचं, मग काडतूस, मग सफाई, मग स्प्रिंगा. एक बदल केला की उडवून बघायचं, मगच दुसरा. सगळं एकदम बदललं की बंदूक चालते, पण का चालली ते कळत नाही. आणि दुसरा नियम, ज्यानं दुरुस्त केली त्यानंच पहिली गोळी झाडायची. दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी स्वतःच्या गालाला लावायची. आपल्या लोकांत तो इमानाचा भाग होता.

त्या नियमानंच तुला उघडं पाडलं.

तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. रोज दुबईतल्या अल कुसैसहून एका गाडीतून यायचो आपण. मी चालवायचो, तू बोलायचास. सगळी दुनिया शारजाहून दुबईकडे निघालेली, गाड्यांची ही रांग, आणि आपण दोघं उलट्या दिशेनं मोकळ्या रस्त्यानं. तू त्या अडकलेल्या लोकांना हात करायचास. "बघ, बघ, सगळे साहेब लोक रखडलेत!" मग तुझं सुरू. गावची जत्रा, मुंबईचा मेव्हणा, कोलंबीचा भाव दिरहममध्ये किती आणि रुपयांत किती, आणि मग स्वतःच म्हणायचास, "छे, एवढ्यात गावी माणसाचा पगार होतो." मला मध्ये एक शब्द टाकू द्यायचा नाहीस. मला वाटायचं, हा माणूस जात्याच बडबड्या. नंतर कळलं, तू बोलत होतास म्हणजे तुला ऐकावं लागत नव्हतं. बोलक्या माणसाला ऐकू येत नाही, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

ती सकाळ हिवाळ्यातली होती, धुकं नुकतं उठलेलं. मुकी दुरुस्त करून तू रेंजच्या टोकाला वाळूच्या पोत्यावर ठेवलीस. मी बाजूला उभा. दोन गोळ्या व्यवस्थित गेल्या, टक, टक. तिसऱ्याला 'टक' आला नाही. 'फुस' आलं, भिजल्या फटाक्याचं. बोल्ट जागचा हलला नाही. ज्यानं फौजेत एक दिवस काढलाय त्यालाही माहीत असतं, की असा आवाज आला म्हणजे गोळी नळीतच राहिलेली असू शकते. हात बाजूला, बंदूक खाली, नळी बघितल्याशिवाय दुसरी गोळी नाही. दुसरी मागून आली तर नळी फुटते, मग डोळा जातो, बोटं जातात, काहीही जातं.

तू हँडल ओढलंस. पुंगळी उडाली. नवं काडतूस आत गेलं. गाल परत दस्त्याला टेकलास.

"थांब! दत्ता, थांब!" मी ओरडलो. आपल्यात चार हातांचं अंतर. आणि कानावर तुझ्या काही नव्हतं. बाकी बंदुकांच्या वेळी आपण कानांवर मफ लावायचो, मुकीला कोण लावतो? तू ढिम्म हलला नाहीस. तुझं बोट खटक्यावर जाताना मी बघितलं. मग मी काय केलं मला आठवत नाही. तू नंतर सांगायचास, की मी तुझा खांदा असा आवळला, की आठवडाभर बोटांचे वळ होते.

बंदूक रिकामी करून आपण नळीत गज घातला. तो मध्येच अडला. गोळी तिथं बसली होती, सायलेन्सरच्या अलीकडे.

"तुला ऐकू आलं नाही?"

"काय?"

"मी ओरडलो ते."

"वारा होता रे."

"वारा नव्हता, दत्ता."

तू पोत्यावर बसलास. खूप वेळ गजाचं टोक पुसत राहिलास, त्यावर काही नव्हतं तरी. मग म्हणालास, "डावा गेलाच आहे. उजव्यात थोडं उरलंय. दुसऱ्या बंदुकांचं चालतं रे, त्या अंगाला कळतात. गालाला धक्का बसतो, छातीत दणका बसतो. ही मुकी काही सांगतच नाही." फौजेत तोफखान्याला जोडून काढलेली वर्षं. कानात कापूस घालणाऱ्याला लोक हसायचे, तू हसण्याला घाबरलास. मीही कापूस घालत नव्हतो. माझे कान वाचले, तुझे नाही, यात माझी काही कर्तबगारी नाही.

"मुदीरला सांगणार आहेस?" तू विचारलंस.

"तू सांग."

"सांगितलं की खलास. विसा कॅन्सल, तिकीट हातात. रेवती सातवीत आहे, माने. तिला आता उचलून तिथल्या शाळेत टाकू? मराठीत तिला धड पत्ता सांगता येत नाही. बारावी होऊ दे. मग मी स्वतःच जातो."

"आणि तुझ्यामुळं उद्या कुणाचा डोळा गेला तर? तिच्या बारावीचं त्याला काय सांगू?"

   घरी येताना गाडीत पहिल्यांदा तू गप्प होतास. मला ती शांतता सोसेना. म्हटलं, या माणसाला घरी पाठवलं तर मी रोज याच गाडीतून एकटा येणार. स्वार्थ म्हण हवं तर.

दुसऱ्या दिवशी आपला करार झाला. रेंजवर मेंबर उडवत असताना त्यांच्या मागं तू उभं राहायचं नाहीस, ते मी बघणार. तू टेबल सांभाळायचंस. आणि दुरुस्त केलेली बंदूक तू उडवशील तेव्हा मी मागं उभा राहणार, तळहात तुझ्या उजव्या खांद्यावर. गोळी नीट गेली की एक थाप: ठीक आहे, पुढची. काही बिनसलं की बोटं दाबायची: थांब. बोटं दाबली की तिथल्या तिथं बोट खटक्यावरून बाहेर, का, कशाला, काही विचारायचं नाही. तू म्हणालास, "आणि तुला चुकीचं ऐकू आलं तर?" मी म्हटलं, "मग तू उगाच थांबशील. कुणी मरत नाही थांबून."

सगळी वर्षं आपण ते पाळलं. लोकांना वाटायचं, काय ही दोस्ती! खानसाब म्हणायचे, "दो भाई." मुदीर लांबून ओरडायचा, "हबीबी, हनीमून खलास! यल्ला, काम करो!" तू त्याच्याकडे बघून मान हलवायचास, न ऐकताच बरोबर वेळेला हसायचास. आणि तुला एक गोष्ट सांगायची राहिली. तुझ्या खांद्यातून मला सगळं कळायचं. खटका दाबायच्या आधी तू श्वास सोडायचास, तो कळायचा. आदल्या दिवशी वहिनींशी वाजलं असलं तर तेही. माझ्या बायकोचासुद्धा मूड मला इतका कळला नाही कधी. ती म्हणते तसं, आता लिहून काय उपयोग. आणि बोटं दाबली आणि तू थांबला नाहीस, असं एकदाही झालं नाही. एवढा हट्टी माणूस तू, तेलाबाबत एक थेंब मागं सरला नाहीस. पण माझ्या बोटांपुढं कधी वाद घातला नाहीस. त्याचं मला फार वाटायचं, दत्ता.

रेवतीचं तर विलक्षणच झालं. इथली पोरं, बापानं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. माझा लेक अजून तसाच, मी "जेवलास का?" म्हणतो, तो "आय ॲम गुड" म्हणतो. रेवतीही तशीच होती. पण तिला कधीतरी कळलं असणार. इंग्रजीत ओठ कसे हलतात ते तुला कळत नाही, मराठीत कळतात. कुणी न सांगता ती तुझ्याशी मराठी बोलायला लागली. समोर येऊन, हळू, एकेक शब्द नीट. "बाबा, आज, शाळेत, मॅडम, रागावल्या." सुनंदावहिनी म्हणायच्या, भावजी, आमच्या बिल्डिंगमध्ये हिच्याइतकं मराठी कुणाला येत नाही. तुझ्या कानांनी काही दिलं असेल तर ते हे.

बारावी झाली तिची. चांगली झाली. पेढे घेऊन आलात तुम्ही तिघं आमच्याकडे. मी तेव्हाच म्हटलं, आता सांगून टाक. निदान कानाचं मशीन तरी घे. तू म्हणालास, "डिग्री होऊ दे." मग मात्र मी भडकलो. पेढा हातात आणि तोंडानं तुझा उद्धार. अरे, बारावीची मुदत तुझी, मी दिलेली नाही! तू म्हणालास, "मशीन घातलं की तोंडावर बोर्ड लागला, बहिरा म्हणून." मी म्हटलं, "पोरगी गाते म्हणे शाळेत. ऐकलंयस कधी?"  ते बोलायला नको होतं का? मला अजून वाटतं, बोलायला हवं होतं. तू ऐकायला हवं होतंस. हे भांडण आपण गाडीत, टेबलावर, चहा पिताना वर्षभर ओढलं, आणि ते तू तसंच टाकून गेलास. याला पळपुटेपणा म्हणतात, दत्ता. वाद अर्धा टाकून उठायचं नसतं.

आपला शेवटचा दिवस गुरुवार होता. मुकी टेबलावर. पुंगळी झडपेत उभी. मी म्हटलं, तेल. तू म्हणालास, मॅगझिनचे ओठ, काडतूस धरणाऱ्या त्या कडा, वाकलेत. मी म्हटलं, आधी तुझ्या कानाचं बोल, मग मॅगझिनचं. तू हात झटकलास, "शनिवारी बघू." मग तिला तात्पुरती साफ करून खानसाबांना दिलीस. शुक्रवारी सकाळी आंघोळीहून आलास आणि दारातच पडलास. शनिवार तुला मिळाला नाही.

तर आता ती परत आलीय, आणि मी नियमानं घेतली. बोट घालून बघितलं, रिकामी. मग, ऐक, आधी तुझं मॅगझिन बदललं. माझं तेल नाही, तुझं मॅगझिन. गेलेल्या माणसाचा मान म्हणून. उडवली. तिसऱ्या गोळीला अडकली. मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं. मग तेल काढलं. तू कुठं कुठं घातलं होतंस रे! कानाकोपऱ्यातून निघत होतं. चिंध्यांवर चिंध्या काळ्या झाल्या. सगळी कोरडी, लख्ख केली आणि पुन्हा उडवली. पुन्हा अडकली.

मी तुझ्या स्टुलाकडे बघितलं. कुणाला सांगू?

ते होतं एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीला धरून मागं ओढणारा तो नखाएवढा आकडा. भिंगाखाली धरलं तर टोक झिजून गोल झालेलं. पुंगळी पकडायचं, पण शेवटपर्यंत धरून ठेवता येत नव्हतं त्याला. नवीन घातलं. चालली. अख्खं मॅगझिन संपलं, एकदाही अडली नाही. म्हणजे आपण दोघंही चुकलो होतो, लेका. इतका घसा कोरडा केला आणि दोघंही चूक. तू असतास तर म्हणाला असतास, "बघ, तेलाचा काय संबंध होता?" आणि मी म्हटलं असतं, मॅगझिनचा तरी काय होता. चहा येईपर्यंत पुरलं असतं आपल्याला.

खानसाबांना द्यायच्या आधी मी तिला कोरडीच ठेवणार होतो. मग तुझ्या बाटलीतला एक थेंब घातला. एकच. उगाच खूश होऊ नकोस.

आता ते सांगतो, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदावहिनींना माहीत आहे, कारण त्या तिथं होत्या.

हॉस्पिटलमध्ये दुपारी थोडा वेळ आत सोडायचे. तू नळ्यांमध्ये झोपलेला, मशीन तुझ्यासाठी श्वास घेत होतं. मल्याळी डॉक्टर होता, तरुण, तो रोज समजावून सांगायचा की मेंदूत रक्तस्राव झालाय, आता आशा धरू नका. नातेवाईक म्हणून मी सही केली होती, भाऊ म्हणून. कुणी विचारलं नाही, भाऊ सांगोल्याचा आणि पेशंट मालवणचा कसा. बाकीचे लोक तुझ्या कानाशी वाकून हाका मारायचे. दत्ता, दत्ता, डोळे उघड. मला हसू आलं, खरंच आलं. अरे, याला धड असतानाही ऐकू येत नव्हतं!

मी तुझ्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवला. चादरीवरून नाही, आत. अंग गरम होतं. आणि मी बोटं दाबली. थांब. काही झालं नाही. पुन्हा दाबली, जोरात, त्या हिवाळ्यात दाबली होती तशी. थांब, दत्ता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कधी चुकला नव्हतास, म्हणून मला वाटत राहिलं, थांबशील. माणूस किती वेडा असतो बघ.

वहिनी पलंगाच्या त्या बाजूला बसल्या होत्या. किती दिवस झोपल्या नव्हत्या कुणास ठाऊक. माझ्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, थांब म्हणताय ना त्यांना?"

मी दचकलो. "तुम्हाला कसं माहीत?"

"घरी पण आम्ही तेच करायचो. त्यांनीच शिकवलं. रेवती मागून आली की थाप द्यायची, गॅसवर काही उतू जात असलं की मी खांदा दाबायचे." त्यांनी तुझा चेहरा पुसला, तेलकट झाला होता कपाळापाशी. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नका दाबू आता. फार दमलेत ते. तुम्ही दाबलंत तर थांबून राहतील हो, तुमचं ऐकतात ते."

रेवती दाराशी उभी होती. तिनं होकाराची मान हलवली.

मी बोटं सैल केली. तुझा खांदा तसाच होता, जड, तळहाताला ओळखीचा. इतक्या वर्षांत मी किती थापा दिल्या असतील तुला, पण ही देताना हात उचलेना. मग उचलला, आणि दिली. ठीक आहे, दत्ता. पुढची.